कर्करोग की पोटाचा क्षय? तुकडा तपासल्याशिवाय निर्णय नको

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३८ वर्षांची आहे. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. ती घरीच विड्या वळते. दोन महिन्यांपासून तिचे पोट फुगत चालले आहे, संध्याकाळी कणकण येते आणि वजन आठ किलोंनी उतरले आहे. खोकला मुळीच नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ आहे. सीटी स्कॅनमध्ये पोटात पाणी आणि जाड झालेला पडदा दिसला, रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय आल्यास मोजला जाणारा पदार्थ) ४१० आले, आणि अंडाशयाचा पसरलेला कर्करोग असावा असे आम्हाला सांगण्यात आले. एक नातेवाईक म्हणतात, आधी टीबीच्या गोळ्या सुरू करून बघा. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, आपण लिहिलेली प्रत्येक खूण दोन्ही आजारांत आढळते. पोटाच्या आतल्या अस्तराला क्षयाची लागण झाली, की त्यावर राळ्याच्या दाण्यांसारख्या बारीक पांढरट पुटकुळ्या उठतात, पाणी साठते आणि आतड्यांपुढे लोंबणारा चरबीचा पडदा जाड होऊन गोळ्यासारखा हाताला लागतो. अंडाशयाचा कर्करोग पसरल्यावर स्कॅनवर जवळपास हेच चित्र दिसते. सीए-१२५ साधारणपणे ३५ पर्यंत असते, पण हा पदार्थ सुजलेले अस्तरही तयार करते, त्यामुळे क्षयातही तो शेकड्यांत जातो. फुप्फुसे निर्दोष असलेले पोटाच्या क्षयाचे रुग्णही पुष्कळ असतात.

प्रथम सुईने पोटातले पाणी काढून त्यातील पेशी, प्रथिने आणि एडीए (क्षयात वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) तपासून घ्यावे. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त आणि एडीए सुमारे ४० च्या वर असेल, तर संशय क्षयाकडे झुकतो, मात्र तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. या पाण्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आले तरी क्षय नाही असे ठरत नाही. आणि कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून कर्करोग नाही, असेही नाही.

खरा निर्णय तुकड्यावर होतो. दुर्बिणीतून, किंवा पडदा पुरेसा जाड असल्यास सोनोग्राफीच्या आधारे सुईने, त्याचा तुकडा काढता येतो. मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी ठरण्याआधी हे झालेच पाहिजे. येथे माझी एक कळकळीची विनंती आहे. तुकडा काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा, की तो दोन बाटल्यांत पाठवावा : एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी आणि दुसरी साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट व कल्चरसाठी (म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी). फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळा तुकडा त्यात गेला तर कल्चर करता येत नाही आणि औषधांना दाद न देणारा क्षय ओळखण्याची मोठी संधी हातची जाते. घाईच्या वेळी दुसरी बाटली राहून जाते. म्हणून घरच्या एका माणसाने ती डोळ्यांनी पाहून घ्यावी.

नातेवाइकांचा सल्ला आपुलकीचा असला, तरी तुकडा काढणे शक्य असताना नुसत्या अंदाजाने गोळ्या सुरू करू नयेत. आजार कर्करोगाचा निघाला तर मोलाचे महिने वाया जातील. तुकड्यात कर्करोग आढळल्यास कर्करोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. क्षय निघाला, तर बहुधा सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होतो, आणि अंडाशय काढण्याची गरज सहसा पडत नाही. एचआयव्ही, साखर आणि यकृताची तपासणी मात्र आधी करून घ्यावी. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर नोंद झाल्यावर पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. ही नोंद देशभर चालते, त्यामुळे तपासणी महाराष्ट्रात कोल्हापुरात झाली तरी गोळ्या कर्नाटकात निपाणीतच घेता येतील. दोन महिन्यांत ताप, पोटातले पाणी आणि वजन यांत फरक पडला नाही, तर गोळ्या तशाच चालू न ठेवता निदान पुन्हा तपासून घ्यावे.