‘हद्द कायम’मधला ‘कायम’

प्रश्न असा आहे: शेताची ‘हद्द कायम मोजणी’ केली की आज जिथे बांध आहे तीच हद्द कायमची पक्की होते का?

नाही. उलट बांध सरकलेला असेल तर तेच या मोजणीत उघड होतं. मूळ अरबी ‘क़ाइम’ म्हणजे उभा, ठाम. आपला ‘मुक्काम’ही त्याच धातूतला. मराठीत ‘नेहमीचा’ हा अर्थ इतका रुळला की ‘ठरलेला’ हा अर्थ मागे पडला. क्रियापद बदलून पाहा. ‘मत कायम ठेवलं’ म्हणजे जुनं मत सोडलं नाही. ‘मत कायम केलं’ म्हणजे मत ठरवलं. मोजणीत हद्द कायम करतात, ठेवत नाहीत.

ठरवतात ती अभिलेखावरून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदी-नकाशांवरून. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) आधी जागेवरची वहिवाट (प्रत्यक्ष कसली जाते ती जमीन) मोजतो, अर्जदाराची आणि लगतच्यांचीही. सोबत जुने हद्दीचे दगड, विहिरी, रस्ते अशा न हलणाऱ्या खुणा घेतो. मग त्यावर टिपण (मूळ मोजणीचा मापांसह कच्चा नकाशा), फाळणी (हिस्से पाडल्याचा नकाशा) किंवा गट नकाशा बसवून पाहतो. इथेच खरी कसोटी असते: एकाच दगडावर नकाशा बसवला तर तो त्या दगडाभोवती कसाही फिरवता येतो, म्हणून लांब लांबच्या निदान दोन-तीन खुणा जुळायला हव्यात. नकाशाचा कागद आकसलेला असेल तर तेवढी सूटही धरावी लागते. वहिवाट आणि अभिलेख यांत फरक निघाला तर मोजणी नकाशात दोन्ही रेषा वेगळ्या दिसतात.

टिपण वाचताना एक चूक वारंवार होते. त्यातली मापं साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. (33 × 33 = 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा.) 3 साखळ्या 8 आणे म्हणजे साडेतीन साखळ्या, 115.5 फूट. तेच दशांश समजून 3.08 वाचलं की 101.64 फूट होतात आणि हद्द जवळजवळ 14 फूट सरकते!

मोजणीत जागेवर हद्दीच्या खुणा दाखवल्या म्हणून ताबा आपोआप बदलत नाही. अतिक्रमण काढायला वेगळी कारवाई लागते. म्हणजे ‘हद्द कायम झाली’ याचा अर्थ ‘जमीन हातात आली’ असाही नाही. ‘हद्दनिश्चिती’ म्हटलं तर हे सगळे गैरसमज टळतील, पण अर्जात मोजणीचा प्रकार ‘हद्द कायम’ असाच लिहावा.