संडासला जाण्यासाठी मराठीत इतके आडवळणाचे शब्द का आहेत?

'संडासला जातो' असं सरळ न सांगता आपण इतकी वळणं का घेतो, असं तुम्ही विचारलंय. मला तर ही वळणं मनापासून आवडतात. माणूस काय करायला निघालाय ते त्यांत सांगितलेलंच नसतं, फक्त कुठे निघालाय तेवढं कळतं.

परस म्हणजे घरामागचं आवार, म्हणून परसाकडे. ज्याच्या घराला परस नाही तो रानात जाणार, नाहीतर ओढ्याला. शास्त्रीबुवांच्या घरी याच प्रवासाला बहिर्दिशेला जाणं म्हणायचे. आणि हातात टमरेल दिसलं की 'कुठं निघालात?' असं कुणी विचारतही नसे.

माझा सगळ्यात लाडका शब्द लघुशंका. घाईघाईनं निघालेल्या माणसाचा चेहरा जरा बघा, त्याला कसलीही शंका उरलेली नसते! शाळेत तर शब्दही लागत नाही. करंगळी वर केली की बाईंना कळतं, दोन बोटं वर केली की अख्ख्या वर्गाला कळतं.

मग संडास घरात आला, फ्लॅटमध्ये तर थेट बेडरूमला चिकटला, आणि जायला दिशाच उरली नाही. तेव्हापासून आपण 'बाथरूमला' जातो, ऑफिसात 'वॉशरूमला'. 'फ्रेश होऊन येतो' यात मात्र धोका आहे. पाहुण्यानं असं म्हटलं की यजमान प्रेमानं टॉवेल आणतात, नवा साबण काढतात, बेसिन दाखवतात, आणि पाहुणा बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा.

सरकारनं याच्या अगदी उलट केलं. जो शब्द घरात मोठ्यानं उच्चारला तर आजी डोळे वटारेल, तोच वेशीवरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिला: 'हागणदारीमुक्त गाव'. आणि भल्या पहाटे टमरेलवाल्यांना अडवायला जे पथक फिरायचं त्याचं नाव काय, तर 'गुड मॉर्निंग पथक'. ज्यानं हे नाव सुचवलं त्याला माझा नमस्कार.

बायकांच्या बोलण्यात मात्र दिशाही नसते. 'जरा जाऊन येते', एवढंच. एसटीच्या लांबच्या प्रवासात हॉटेलवाल्याला हळूच विचारायचं, 'इथं सोय आहे का?' सोय नसेलच या धास्तीनं कितीतरी जणी निघण्याआधीपासून पाणी पीत नाहीत. याचं मला हसू येत नाही, राग येतो. म्हणूनच २०११ मध्ये मुंबईत स्वयंसेवी संस्थांनी सुरू केलेल्या मोहिमेचं नाव मला फार आवडलं: 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क. काही आडपडदाच नाही. त्यांचा सवालही तितकाच सरळ होता: पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का?