भटनागर पुरस्काराचे आता काय झाले?

प्रश्न : शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार बंद झाला, असे ऐकले. ते खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पूर्णपणे नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नावाचा हा पुरस्कार 1958 मध्ये प्रथम भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांना देण्यात आला. पुढे 45 वर्षांखालील संशोधकांसाठीचा देशातील सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणून तो ओळखला गेला, आणि जयंत नारळीकर, रघुनाथ माशेलकर व माधव गाडगीळ या मराठी वैज्ञानिकांना तो ऐन उमेदीच्या काळात लाभला, ही मला आजही विशेष अभिमानाची गोष्ट वाटते.

2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले. त्यांत विज्ञानरत्न, विज्ञानश्री, विज्ञान युवा आणि विज्ञान संघ असे चार विभाग असून, भटनागर यांचे नाव तरुणांच्या विभागाला जोडलेले आहे व वयोमर्यादाही 45 वर्षांचीच आहे. मात्र पूर्वीची पाच लाख रुपयांची रक्कम आता मिळत नाही. पदक व प्रशस्तिपत्र दिले जाते. उभारीच्या वयातील संशोधकांसाठी ती रक्कम कायम ठेवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.