प्रार्थना केली कुणी?

प्रिय ताई,

तुमचा अभ्यासगट सध्या बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय वाचतो आहे आणि १४ ते २९ या ओव्या वाचताना तुम्हाला रडू आवरत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या मुलाला लहानपणापासून फिट येतात. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं की, आईबापांचा विश्वास पुरा असता तर पोरगा केव्हाच बरा झाला असता, आणि गोळ्या चालू ठेवणं हीच अविश्वासाची खूण. हे मुलानंही ऐकलं. आता तुम्ही विचारता, ‘मनात शंका असताना मी आमेन म्हणते, ते ढोंग आहे का? आणि गोळ्यांचं काय करू?’

गोळ्यांचं आधी सांगते. एकही चुकवू नका. अपस्माराचं औषध अचानक थांबवलं तर फिट वाढतात, कधी एकामागून एक येत राहतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डोस कमी करायचा की बंद, ते डॉक्टरच ठरवतील. नीट निदान आणि उपचार मिळाले तर अपस्माराच्या १०० पैकी सुमारे ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यासाठी देवाचे आभार मानावेत. त्याची लाज कसली?

आता उतारा. तुम्ही तो त्या बाईंचे शब्द कानात ठेवून वाचताय, असं मला वाटतं. जरा बाजूला ठेवून वाचा. येशू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांसह डोंगरावरून खाली येतो, तेव्हा बाकीचे शिष्य यहुदी धर्मशास्त्र्यांशी वाद घालत उभे आहेत. एका बापानं आपल्या मुलाला त्यांच्याकडे आणलं होतं, त्याच्यातला दुष्ट आत्मा काढावा म्हणून, पण त्यांना ते जमलं नाही. भोवती गर्दी जमली आहे आणि मुलाचं दुखणं तसंच आहे. नंतर घरात, एकांतात, शिष्य विचारतात की आम्हाला का जमलं नाही? येशू सांगतो, हे प्रार्थनेवाचून निघत नाही.

मग या प्रसंगात प्रार्थना केली कुणी? मी मागे जाऊन शोधलं. शिष्यांनी केल्याचं मार्क लिहीत नाही. येशूही तिथं प्रार्थना करताना दिसत नाही, तो आज्ञा करतो. प्रार्थना म्हणावी असं बोलणं फक्त एका माणसाच्या तोंडी आहे, त्या मुलाच्या बापाच्या. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असं तो ओरडून म्हणतो. यावर येशू त्याला ‘आधी शंका मिटव, मग ये’ असं म्हणत नाही. पुढच्याच ओवीत तो मुलाकडे वळतो.

‘विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे’ हे येशूचं वाक्य त्याच्या अगदी आधीचं, हे मला माहीत आहे. त्या बाईंनी बहुधा तेच धरलं. ते वाक्य कडक आहे आणि मी ते मऊ करून सांगणार नाही. पण त्यावर बापानं दिलेलं अर्ध्यामुर्ध्या विश्वासाचं उत्तर येशूनं पुरेसं मानलं, हेही तिथंच लिहिलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या याच प्रसंगाच्या वृत्तांतात अल्पविश्वासाचा ठपका येतो, तोही शिष्यांवर. बापावर नाही, मुलावर तर नाहीच. तुमचं आमेन ढोंग नाही, ताई. शंकेसकट म्हणा, मोठ्यानं म्हणा.

आणखी एक गोष्ट मला या उताऱ्यात फार मोलाची वाटते. मुलगा जमिनीवर लोळतोय, तोंडाला फेस आलाय, आणि येशू बापाला विचारतो, याला असं किती दिवसांपासून होतंय? मत्तय आणि लूक हाच प्रसंग थोडक्यात सांगतात, त्यांच्याकडे हा प्रश्न नाही. बाप म्हणतो, लहानपणापासून. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. त्या उत्तरामागे किती जागरणं असतील, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गटात हे तुम्हाला कुणी विचारलं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

त्या गोष्टीतला मुलगा उठून उभा राहिला, तुमचा अजून बरा झालेला नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. एवढं मात्र म्हणेन की प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, आणि म्हणून कुणी त्याला अविश्वासी ठरवलं नाही.

मुलाशी आजच बोला. त्या बाईंचं म्हणणं चुकीचं होतं, आजार तुझ्यामुळे नाही आणि आमचा विश्वास कमी पडल्यामुळेही नाही, असं स्पष्ट शब्दांत सांगा. तो नुसता गप्प बसला तरी सांगा. मग त्या बाईंना एकटीला गाठा आणि मुलाला काय ऐकावं लागलं ते सांगा. त्यांनी मानलं नाही तर चर्चच्या पाळकांकडे जा. गट मात्र इतक्यात सोडू नका.

पुढच्या बैठकीत सगळ्यांना हेही शिकवून ठेवा. फिट आली की मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, आणि एकानं घड्याळ बघायचं. पाच मिनिटांहून जास्त चालली तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ज्यांना प्रार्थना करायची असेल त्यांनी हे करता करता करावी.