ईस्टर बेटावरच्या ओरोंगो गावात माणसं कायमची राहायची का, आणि तिथली दारं इतकी बुटकी का?

नाही, बारा महिने तिथे कुणी राहत नसे. वर्षातले काही आठवडे, एका पक्ष्याची वाट बघण्यापुरतंच ते गाव जागं व्हायचं.

प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला रानो काऊ हा विझलेला ज्वालामुखी आहे. एका बाजूला साधारण दीड किलोमीटर रुंदीचं विवर आणि तळाशी गोड्या पाण्याचं तळं, दुसऱ्या बाजूला समुद्रात उतरणारा उभा कडा. मधल्या चिंचोळ्या धारेवर ओरोंगोची पन्नासच्या वर दगडी घरं आहेत. शहाबादी फरशीसारखे बेसॉल्टचे पातळ, सपाट तुकडे तिथेच मिळतात. चुना वगैरे काही न लावता ते एकावर एक रचायचे, प्रत्येक थर खालच्याहून थोडा आत सरकवत छत मिटवायचं आणि वर माती घालून गवत वाढू द्यायचं. तुळई नाही, त्यामुळे घर लांबट पण अरुंद आणि बसकं. भिंती जाडजूड, खिडक्या नाहीत. कड्यावरचा वारा बघता दार रांगत जाण्याइतकंच ठेवणं शहाणपणाचंच होतं.

समोर समुद्रात मोतू नुई नावाचं छोटं बेट आहे. दक्षिण गोलार्धातल्या वसंतात तिथे मानुतारा, म्हणजे सुरय जातीचे पक्षी अंडी घालायला येत. प्रत्येक टोळीच्या प्रमुखाचा एक माणूस लव्हाळ्याच्या पेंढीच्या आधाराने पोहत तिथे जायचा आणि पहिल्या अंड्यासाठी मुक्काम ठोकायचा. अंडं मिळालं की ते कपाळपट्टीत बांधून परत पोहायचं, कडा चढायचा. मान मात्र त्याच्या मालकाला. तो वर्षभरासाठी तांगाता मानू, म्हणजे पक्षीमानव. त्याचं डोकं भादरलं जायचं आणि तो लोकांपासून वेगळा, विटाळ-सोवळ्यात राहायचा. गावाच्या टोकाच्या खडकांवर या पक्षीमानवांची चित्रं अक्षरशः एकावर एक कोरलेली आहेत.

1862-63 मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी बेटावरची माणसं पळवून नेली, पाठोपाठ रोगराई आली. 1877 साली जेमतेम 111 लोक उरले होते. ही प्रथा त्याआधीच, 1860च्या दशकात थांबली.

मी ओरोंगोला गेलेले नाही. पण तिथल्या एका घरातली मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिली आहे. होआ हाकानानाइआ तिचं नाव, उंची 2.42 मीटर. घरात ती अर्धी जमिनीत पुरलेली होती. 1868 मध्ये टोपाझ या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांनी ती काढून नेली. रांगत शिरायच्या दारातून एवढा दगड बाहेर येणं शक्यच नाही, त्यामुळे घरच फोडलं. पाठीवरचा लाल-पांढरा रंग जहाजावर नेताना समुद्रात धुऊन गेला. 2018 मध्ये रापा नुईचे प्रतिनिधी ती परत मागायला लंडनला आले होते. मला विचाराल तर ती त्यांना मिळायला हवी.

म्युझियममध्ये बहुतेक लोक मूर्तीचा समोरून फोटो काढून पुढे जात होते. तुम्ही कधी गेलात तर मागे जा. डोक्याच्या मागच्या बाजूला आणि पाठीवर नीट पाहिलंत की समोरासमोर उभे दोन पक्षीमानव दिसतील. चोची लांब, हात मात्र माणसाचे. आणि दोघांच्या वर मधोमध एक छोटा पक्षी.