कोपरात इंजेक्शन घेताय? आधी एवढं बघा

दादा, फवारणीचा पंप मारून मारून कोपर धरलंय म्हणता, अन् लातूरला प्रोलोथेरपी, म्हणजे ग्लुकोजची सुई, घ्यायला निघालात. जा, पण सुई कशाची, ग्लुकोजची का स्टेरॉइडची, ते आधी विचारा. इथंच बहुतेक जण फसतात. स्टेरॉइडनं लवकर आराम पडतो, पण टेनिस एल्बोत (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात) वर्षभरानं दुखणं उलटल्याचं अभ्यासांत दिसलंय. वरचेवर घेतलं तर स्नायूबंध कमजोर होतो, शुगर असली तर तीही चढते. प्रोलोथेरपीत ग्लुकोजचं तीव्र द्रावण, साधारण १२.५ ते २५ टक्के, टोचतात. मुद्दाम थोडा दाह करून शरीराला दुरुस्तीला लावायचं, अशी कल्पना. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही.

नवखे चुकतात ते असं:

- दोन-तीन दिवस ठणका वाढला की घाबरून डायक्लोफेनॅक, म्हणजे दाह दाबणारी दुखण्याची गोळी, घेतात. तो दाह हवाच असतो. पॅरासिटामॉल चालेल का, डॉक्टरांना विचारा. ताप आला किंवा लाली पसरली तर मात्र थेट दवाखाना.
- एकाच सुईत सोडून देतात. काही आठवड्यांच्या अंतरानं बहुधा ३ ते ६ वेळा लागतं.
- रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं सांगत नाहीत.

मी तर सुई घेतल्यावर चौथ्याच दिवशी कापसाचं गाठोडं उचललं. महिना वाया! जड काही उचलू नका, हलका व्यायाम मात्र चालू ठेवा.