अमेरिकेत नेटवर्कबाहेरच्या थेरपिस्टची फी इन्शुरन्सकडून खरंच परत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या कंपनीचा पीपीओ प्लॅन (नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार नसलेल्यांकडेही जाऊ देणारा) आहे, मराठी बोलणारी थेरपिस्ट सापडलीय पण ती कुठलाच इन्शुरन्स घेत नाही, आणि इन्शुरन्सवाल्यांनी फोनवर "६० टक्के परत मिळतील" असं सांगितलं. मीही हेच ऐकून सुरुवात केली होती. ते ६० टक्के तुम्ही भरलेल्या फीचे नसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रत्येक सेवेला इन्शुरन्स कंपनीने आपला एक दर लावलेला असतो, त्याला अलाउड अमाउंट म्हणतात. माझी थेरपिस्ट तासाचे २०० डॉलर घ्यायची, कंपनीच्या लेखी तो तास १२० चा. त्याचे ६० टक्के ७२. उरलेले १२८ माझ्या खिशातून. हे ७२ सुद्धा डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे देण्याआधी दर वर्षी आपण स्वतः भरायची रक्कम) संपल्यावर! नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल बहुतेकदा वेगळं असतं. माझं १,५०० होतं, आणि त्यात दर वेळी १२०च धरले जायचे, २०० नाही. त्यामुळे पैसे मिळाले ते थेट तेराव्या सेशनचे, तेही ३६ डॉलर. तोवर मी २,६०० मोजले होते. वर्षाअखेरीस सुरू करत असाल तर आधी बघा, बऱ्याच प्लॅनमध्ये जानेवारीत हे मीटर पुन्हा शून्यावर येतं.

म्हणून पुन्हा फोन करा आणि नेमकं विचारा: "९०८३७ या कोडला नेटवर्कबाहेर अलाउड अमाउंट किती?" हा ५३ मिनिटं किंवा जास्त वेळाच्या सेशनचा कोड, पाऊण तासाचा ९०८३४. टाळाटाळ करतील, चिकाटी सोडू नका. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या.

थेरपिस्टकडून दर महिन्याला सुपरबिल, म्हणजे क्लेमला जोडायचं सविस्तर बिल, घ्या. त्यावर तिचा एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), टॅक्स आयडी, सेशनचा कोड आणि निदानाचा कोड हवाच. माझा पहिला क्लेम निदानाचा कोड नाही म्हणून परत आला होता. (आपल्या नावापुढे असा कोड लागणं मला आवडलं नाही, पण त्याशिवाय पैसे मिळत नाहीत.) क्लेमच्या फॉर्मवर पैसे थेट थेरपिस्टला देण्याच्या रकान्यात सही करू नका, नाहीतर चेक तिच्याकडे जाईल. पुण्यातल्या थेरपिस्टकडे व्हिडिओवर जायचा विचार असेल तर क्लेमची आशा ठेवू नका. तिच्याकडे इथलं लायसन्स नसतं.

नवऱ्याच्या कंपनीत एफएसए किंवा एचएसए (वैद्यकीय खर्चासाठी टॅक्स न कापता पैसे ठेवायची खाती) असेल तर उरलेले १२८ त्यातून भरा, तेवढाच टॅक्स वाचतो. परत मिळालेले ७२ मात्र त्यात दाखवायचे नाहीत.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणजे प्रत्येक क्लेमचा ईओबी (कुठल्या सेवेचे किती पैसे दिले याचं पत्रक) त्याच्या लॉगिनमध्ये किंवा टपालात येणार. त्याला अजून सांगितलं नसेल, तर पहिला क्लेम पाठवण्याआधी इन्शुरन्स कंपनीला फोन करून तुमची कागदपत्रं वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची विनंती करा.